लोर्नाचा आवाज आणि आपला वाङ्मयेतिहास

बा. भ. बोरकर शिकवताना त्यांच्या कोंकणी कवितेचा उल्लेख करायचा आणि पुढे सरकायचे, अशी आम्हा दोघांची वर्षानुवर्षांची रीत. गेल्या वर्षी ताथवड्यात खोली घेऊन राहणाऱ्या, दोडामार्गकडून आलेल्या एका विद्यार्थ्याने तासानंतर आम्हाला थांबवले आणि मोबाइलवर एक गाणे ऐकवले. ट्रम्पेटचा कडक सूर, मागे नाचाचा ठेका, आणि त्यावर चढून आलेला, किंचित घोगरा, अजिबात न लाजणारा बाईचा आवाज. 'बेब्दो', म्हणजे दारुडा. गाणारी लोर्ना. 'आमच्या घरी लग्नात हे लागतंच, सर,' तो म्हणाला. मराठीची एम.ए. पदवी घेतलेल्या, कोकणातील बोलींवर व्याख्याने देणाऱ्या आम्हा दोघांनी हे नावही ऐकले नव्हते. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या ओशाळेपणात आहे.

लोर्ना कॉर्देरो यांचा जन्म १९४६चा. मूळ गाव बार्देशातील साळगाव, पण कारकीर्द घडली ती मुंबईत. हा प्रवास एकटीचा नव्हता. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात उद्योगधंदे फारसे वाढलेच नाहीत, त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून गोवेकर मुंबईची वाट धरत आले. धोबी तलावाच्या परिसरात त्यांचे 'कूड' उभे राहिले. कूड म्हणजे एकेका गावाने चालवलेली सामाईक वस्ती. दहा जणांच्या पेट्या भिंतीशी, एका कोपऱ्यात वेदी, बोटीवरून परतलेल्याने चटई टाकायची आणि पुढची बोट मिळेपर्यंत राहायचे. आमच्या परिसरात चाकणच्या पाळ्या करणारी मुले जशी एका खोलीत आळीपाळीने झोपतात, त्याचा हा जुना अवतार. तियात्र हा गोव्याचा नाट्यप्रकारही याच स्थलांतरितांचा. पहिला तियात्र १८९२ साली सादर झाला तो गोव्यात नव्हे, तर मुंबईत. मराठी रंगभूमीच्या इतिहासात मुंबईच्या नाट्यगृहांवर प्रकरणे आहेत. त्याच शहरात, त्याच काळात वाढलेल्या या रंगभूमीला तिथे एखादी तळटीप मिळाली तर मिळाली.

गोवेकर मुलाच्या हाती व्हायोलिन वा ट्रम्पेट कसे आले, याचे उत्तर चर्चला जोडलेल्या शाळांत आहे. पाद्रीला मिस्सेसाठी गाणारे-वाजवणारे हवे होते, म्हणून मुलांना स्वरलेखन शिकवले गेले. चर्चचे हे शिक्षण पुढे पोटापाण्याचे साधन झाले. कागदावरची लिपी पाहून वाजवू शकणारा वादक हॉटेलांना हवा होता, लष्करी बँडांना हवा होता आणि बोलपटांनाही. हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा, पुढे राहुलदेव बर्मन व प्यारेलाल यांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट ही सारी त्या परंपरेची माणसे. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश सत्तेने व चर्चने हेच केले. म्हणूनच विसाव्या शतकात आशियातील मोठमोठ्या बंदरांत, हॉटेलांत आणि बोटींवर पाश्चात्त्य संगीत वाजवणारे दोन समाज हटकून भेटतात : मनिलाचे आणि गोव्याचे. दोघांनीही परक्याचे संगीत चाकरी म्हणून वाजवले आणि पुढे ते आपल्या भाषेत आणले.

ते कोंकणीत आणण्याचे मोठे काम ख्रिस पेरी यांनी केले. मडगावच्या बोर्ड्यात १९२८ साली जन्मलेले ख्रिस ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवत, गीते लिहीत, चाली बांधत आणि बँड चालवत. साठच्या दशकात चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रोड, रात्री जॅझने भरलेला असे. तिथल्या अस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस'मध्ये ख्रिस पेरींचा बँड वाजे आणि लोर्ना गात. तिथे गाणी इंग्रजी असत. श्रोत्यांना हवी होती तीच. कोंकणीचा गल्ला वेगळा होता : तियात्र, ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी. ख्रिस यांनी दोन्ही गल्ल्यांमधली भिंत पाडली. चा-चा-चा, बोसा नोव्हा, स्विंग यांच्या ठेक्यांवर त्यांनी कोंकणी शब्द बसवले, आणि ते शब्द घरगुती, बाजारातले, भांडणातले होते. 'बेब्दो', 'पिसो', 'लिस्बोआ', 'तुजो मोग', 'नाचूंया कुंपासार' ही त्यांतली सर्वाधिक गाजलेली.

'कुंपास' हा शब्द पाहावा. पोर्तुगीज 'कोंपासो', म्हणजे संगीतातील मात्रांचे माप, ताल. आपण पगार, चावी, साबण, बटाटा हे पोर्तुगीज शब्द घेतले आणि विसरलो. कोंकणीने ताल मोजण्याचाही शब्द घेतला. हे निव्वळ शब्दांचे देणेघेणे नाही. शरीर हलवण्याची एक रीतच त्या शब्दाबरोबर आली.

लोर्नाच्या आवाजाला काय म्हणावे? अमेरिकन कृष्णवर्णीयांचे 'सोल' संगीत चर्चमधील प्रार्थनागीतांतून निघाले. देवासाठीची आर्तता तशीच ठेवून ती माणसाच्या प्रेमाकडे आणि तक्रारीकडे वळवली गेली. लोर्नाच्या गाण्यांची बांधणी जॅझची आणि लॅटिन ठेक्यांची आहे, त्यामुळे काटेकोर वर्गीकरणात त्यांना सोल गायिका म्हणता येणार नाही. तरीही गळ्यातला खरखरीतपणा झाकायचा नाही, शब्द फेकायचा, ओळीच्या शेवटी श्वासही ऐकू येऊ द्यायचा, ही वृत्ती तीच आहे. मराठीत आपण 'गोड गळा' ही स्तुती मानतो. भावगीतावर वाढलेल्या कानाला लोर्ना आरंभी खटकतात, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. आमच्यापैकी एकाला अजूनही 'लिस्बोआ' 'बेब्दो'पेक्षा सोसवते. दुसऱ्याच्या मते हीच मराठी मध्यमवर्गीय कानाची मर्यादा आहे.

इथे एक प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने टाळू नये. शब्द ख्रिस पेरींचे, चाल त्यांची, बँड त्यांचा. मग लोर्नाचे काय? १९६५ साली ओटिस रेडिंग यांनी 'रिस्पेक्ट' हे गीत पुरुषाच्या तोंडी लिहून गायले. १९६७ साली अरीथा फ्रँकलिन यांनी ते गायले तेव्हा मागणी करणारा बदलला आणि गाण्याचा अर्थ उलटला. गायिकेने शब्दांची मालकी घेतली. पुरुषाने लिहिलेली 'बेब्दो'तली स्त्रीची कटकट कागदावर विनोदी वाटू शकते, पण लोर्नाच्या गळ्यात त्या विनोदाला धार येते. लावणीच्या अभ्यासात आपण हेच अनुभवले आहे. शाहिराचे नाव आपण पाठ करतो आणि ती फडावर जिवंत करणारीला 'सादरीकरण' या खात्यात ढकलतो.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी ख्रिस आणि लोर्ना वेगळे झाले आणि लोर्ना गायच्या थांबल्या. सुमारे चोवीस वर्षे. लोर्नाने इतर कोणाबरोबर गाऊ नये अशा कराराची हकीकत वारंवार लिहिली-सांगितली गेली आहे, आणि तुटलेल्या प्रेमाचीही. आमचा आक्षेप ती सांगण्याच्या रीतीला आहे. या मौनाची प्रेमकथा केली की प्रश्न व्यक्तिगत होतो आणि धंद्याचा हिशेब सुटतो. बँड पुरुषाच्या नावाने ओळखला जातो, गीते त्याची, हॉटेलवाल्याशी बोलणी तो करतो. अशा रचनेत गायिकेने बँड सोडला की तिच्याकडे गळ्याखेरीज काही उरत नाही. विठाबाई नारायणगावकरांविषयी आपण वेगळे काय केले? प्रसूत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई, ही कथा सर्वांना ठाऊक. फडाचा जमाखर्च आणि उतारवयातील हलाखी यांचा अभ्यास मोजक्यांनीच केला. २००२च्या जानेवारीत नारायणगावच्या विठाबाई आणि ख्रिस पेरी हे दोघेही काही दिवसांच्या अंतराने गेले. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला यांपैकी एकच मृत्यू आठवेल.

लोर्ना परतल्या त्या १९९५ साली. ट्रम्पेटवादक पीटर मोन्सेरात यांचे पुत्र, कीबोर्डवादक रॉनी मोन्सेरात यांनी त्यांना पुन्हा गाते केले. मिरामारच्या किनाऱ्यावरील त्या कार्यक्रमाला प्रचंड गर्दी लोटली. मधल्या काळात जन्मलेल्या मुलांनाही गाणी पाठ होती, कारण ती लग्नांतून, आकाशवाणीवरून आणि आखातातून आलेल्या कॅसेटांवरून फिरतच राहिली होती. गायिका गप्प असताना गाणे थांबले नव्हते. पुढे २०१४ साली बार्दरॉय बार्रेतो यांनी 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट केला. लॉरी आणि डोना या कल्पित नावांनी तो याच दोघांच्या आयुष्याभोवती फिरतो, आणि त्याला उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पलोमी घोष यांचा अभिनय उत्तम आहे, परंतु चित्रपटही अखेर प्रेमकथेकडेच झुकतो.

आता आपल्या घरचा हिशेब. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला आणि महाराष्ट्रात विलीन होण्यास गोवेकरांनी ३४,०२१ मतांच्या फरकाने नकार दिला. त्याआधी आणि नंतर कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर मराठीत पानेच्या पाने खर्ची पडली. वाद घालणाऱ्यांनी व्याकरणे उघडली, संतसाहित्य उघडले. त्याच वर्षांत मुंबईतच ही भाषा ट्रम्पेटच्या साथीने गायली जात होती, हा पुरावा कोणी दाखल केल्याचे आमच्या वाचनात नाही. साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीला मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, पण देवनागरी लिपीत. तियात्रांची आणि या गाण्यांची लिपी रोमी. म्हणजे मराठीने त्यांना कोंकणी म्हणून वगळले आणि कोंकणीच्या राजमान्य व्याख्येने रोमी म्हणून. ज्ञानपीठापर्यंत पोचलेल्या रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो यांच्या भाषेचा हा दुसरा, गाता काठ विद्यापीठीय अभ्यासक्रमांच्या नकाशावर क्वचितच दिसतो.

त्या विद्यार्थ्याला आम्ही प्रकल्प म्हणून 'बेब्दो' देवनागरीत उतरवायला सांगितले. पहिल्याच कडव्यात तो अडला. घरी आजी म्हणते तो शब्द लोर्ना वेगळा उच्चारतात; बार्देशचा उच्चार ठेवावा की दोडामार्गचा? आम्ही म्हणालो, ऐकू येतो तो ठेव. त्याने दोन्ही लिहिले, एकाखाली एक, आणि समासात आजीचे गाव नोंदवले.