पोथीचं वेष्टन



श्रुतपंचमी जवळ आली. धरसेनाचार्यांनी गिरनारच्या चंद्रगुहेत पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना ज्ञान दिलं, त्यांनी षट्खंडागम लिहिला आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला त्याची पूजा झाली, ही कथा आपल्याला पाठ आहे. मला आज लिहायचंय ते त्या दिवशीच्या कामाबद्दल.

माझ्या आजेसासूबाई कारंज्याच्या. त्यांच्याकडे पंचमीला पूजा नंतर, आधी कपाट रिकामं! आणि तिथी तरी कशी बघा. आपल्या वऱ्हाडात तोवर वाळवणं डब्यात गेलेली असतात, गोधड्यांना ऊन दाखवून झालेलं असतं, घरातला भिंतीन्‌भिंत कोरडी असते आणि बहुतेक वर्षी मृग तोंडावर आलेला असतो. पोथ्या उघडून हवा द्यायला आणि पावसाळ्यासाठी घट्ट बांधून ठेवायला याहून चांगला पंधरवडा नाही. श्वेतांबर भगिनींची ज्ञानपंचमी कार्तिकात येते, म्हणजे पाऊस संपल्यावर, दमट कपाटं उघडायची त्या दिवसांत. एक पंचमी पावसाच्या अलीकडे, एक पलीकडे. हे ठरवून झालं असं मी म्हणत नाही, पण घर सांभाळणाऱ्या बाईला त्यातली सोय लगेच कळते.

ही झाडझूड किती मोलाची, ते कारंज्याकडे बघून समजतं. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात; वाशिम जिल्हा 1998 सालचा. सेनगण आणि बलात्कारगण यांच्या मंदिरांत भट्टारकांच्या काळापासून पोथ्या जमत आल्या. 1926 साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची नागपूरहून प्रसिद्ध केली, त्यात कारंज्याच्या पोथ्यांची नोंद आली आणि अभ्यासकांचं लक्ष इकडे वळलं. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेत 1931 मध्ये डॉ. प. ल. वैद्यांनी पुष्पदंत कवीचं अपभ्रंश भाषेतलं ‘जसहरचरिउ’ संपादित केलं. (हा कवी दहाव्या शतकातला, वरच्या कथेतले मुनी वेगळे. दोन हिरालालही वेगळे, कारण आता दुसरे येताहेत.) अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग 1939 मध्ये छापून आणला. सगळे सोळा भाग व्हायला वीस वर्षं लागली. मूळ ताडपत्रं दूर मूडबिद्रीला. त्यांच्या हाताशी होत्या त्या नकलांच्या नकला, आणि त्यांतली एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमातली. ज्या ग्रंथासाठी श्रुतपंचमी, त्याच ग्रंथाच्या छपाईला आपल्या कारंज्याची प्रत उपयोगी पडली!

संपादकांची नावं मुखपृष्ठावर आहेत, असायलाच हवीत. पण त्यांच्या हाती पोथी येईपर्यंत ती कुणीतरी दरवर्षी सोडून, पुसून, बांधून ठेवली होती. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी विनवणी लिहीत, की हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. सैल बांधणीला त्यांनी तेलापाण्याच्या पंगतीला बसवलंय, ते उगाच नाही. पानं सैल राहिली की दमट हवा आत शिरते, कड वाकते, आणि मागोमाग कसर येते.

आजेसासूबाईंची रीत अशी. हात धुऊन अगदी कोरडे करायचे, तेलाचा हात तर नकोच. पोथी खालून दोन्ही हातांवर उचलायची. थुंकी लावून पान उलटणं म्हणजे जिनवाणीचा अविनय, आणि त्या ओलीनं शाई फिसकटते ते वेगळंच. पानं सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी ठेवायची. उन्हात कधीच नाही, जुना कागद कडक होऊन तुटतो. मऊ कुंचल्यानं शिवणीपासून कडेकडे धूळ काढायची. सुटी पानं असली तर मधून बाहेर. कसर दिसली तर चिरडायची नाही, कुंचल्यानं अलगद कागदावर घेऊन परसात सावलीला सोडायची. तिला मारण्यापेक्षा ती येऊच नये हे बघायचं, म्हणून वेखंडाचे तुकडे, चार लवंगा आणि सावलीत पूर्ण वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून पोथीशेजारी ठेवायचा. पोथीच्या आत नाही! हिरवा पाला तर अजिबात नको, त्याचे डाग पडतात आणि ओल धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, मागून वाळवीची माती दिसते का ते बघायचं.

आता आपल्याकडे काय होतं? चौरंगावर छापील ग्रंथ, वर जरीचं वस्त्र, अष्टद्रव्य, आरती, फोटो. सगळं छान. पण कपाटातलं खालच्या फळीवरचं गाठोडं तसंच राहतं. मागच्या वर्षी एका ओळखीच्या घरी व्रतकथांची हस्तलिखित पोथी प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडली. कुणीतरी काळजीनंच ठेवली होती. आत घाम धरलेला, बुरशीनं पानं एकमेकांना चिकटलेली. अशी पानं घरी ओढून सोडवू नका, हे मात्र लक्षात ठेवा. सावलीत उघडी ठेवा आणि हस्तलिखितांचं जतन करणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा.

घरात पोथी नसेल तरी आजीची हातानं लिहिलेली पूजेची वही असेल, जुनं छापील पद्मपुराण असेल. त्यांनाही हेच लागू.

वेष्टनाचं तेवढं सांगते. कापड सुती घ्या. कोरं तसंच गुंडाळू नका. त्यातली खळ कसरीला आवडते, म्हणून दोनतीन पाण्यांतून धुऊन खळ काढा, नीळ-कांजी करू नका. लाल कापड असेल तर रंग जायचा थांबेपर्यंत धुवा. खडखडीत वाळलं की पोथीच्या वरखाली पाट्या ठेवून चारी बाजूंनी घडी घाला आणि दोरी सपाट फिरवा. गाठ वर, पाटीवर आली पाहिजे. कडेला आली तर पानं चेपतात. जुनं वेष्टन विरलं असेल तरी टाकू नका, त्यावर बहुधा ग्रंथाचं नाव शाईनं लिहिलेलं असतं. ते आधी उतरवून घ्या.