अर्ज गेला, उत्तर कुणी वाचलं?

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या मंडळींसाठी मी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज तयार केला होता. मुदत संपल्यावर एका मुलीचा फोन आला. “सर, यादीत माझं नाव नाही. स्क्रीनवर तर ‘अर्ज मिळाला’ असं आलं होतं.”

शोधलं तर चूक माझीच निघाली. तिला आडनाव नव्हतं. आपल्यात शेख, सय्यद, पठाण पुष्कळ; पण फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव लावणारी घरंही आहेत. फ्रंटएंडनं, म्हणजे समोर दिसणाऱ्या पानानं, आडनावाचा रिकामा रकाना चालवून घेतला. बॅकएंडनं, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रामनं, तोच अर्ज ४०० हा नकाराचा आकडा देऊन परत केला. पानानं तो आकडा पाहिलाच नाही.

तेव्हापासून मी या दोन बाजूंच्या संवादाचा इतिहास वाचू लागलो.

१९९१मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी ‘सर्न’ या संशोधन संस्थेत जो एचटीटीपी मांडला, त्यात ब्राउझरची मागणी एका ओळीची होती. उत्तरात थेट पान यायचं. काम झालं की फसलं, हे सांगणारा वेगळा आकडाच नव्हता. चुकीचा निरोपही पान म्हणूनच यायचा. तो माणसानं वाचून समजून घ्यायचा. पुढं १.० आवृत्तीत २००, ४०४, ५०० असे आकडे आले. १९९६मध्ये ती आवृत्ती दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली. आता नकार यंत्रालाही ओळखता येऊ लागला.

दरम्यान १९९३मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या केंद्रातून सीजीआय आलं. फॉर्ममधली माहिती सर्व्हरवरच्या प्रोग्रामपर्यंत पोचवायची वाट त्यातून मिळाली. मात्र प्रत्येक वेळी अख्खं पान नव्यानं यायचं. उत्तर डोळ्यांसमोरच असल्यानं नकार लपत नसे.

हे बदललं १९९९मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकची वेब आवृत्ती करणाऱ्यांना पान न बदलता सर्व्हरशी बोलायचं होतं. त्यांची सोय इंटरनेट एक्सप्लोरर ५मध्ये आली. २००४मध्ये जीमेल आणि २००५मध्ये गूगल मॅप्सनं तिची ताकद दाखवली. त्याच वर्षी जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ नाव दिलं. पुढं माहितीची देवाणघेवाण एक्सएमएलऐवजी सुटसुटीत जेसॉनमध्ये होऊ लागली.

सोय मोठी होती, पण संवाद पडद्याआड गेला. सर्व्हर काय म्हणाला, हे आता पान सांगेल तेवढंच वापरणाऱ्याला कळणार. २०१५च्या सुमारास ब्राउझरमध्ये ‘फेच’ आलं. सर्व्हरनं ४०० किंवा ५०० दिलं, तरी ते त्याला अपयश मानत नाही. उत्तर आलं ना, मग काम झालं! ते उत्तर होकार आहे की नकार, हे प्रोग्रामरनं स्वतः तपासायचं. मी तिथंच चुकलो होतो.

नंतर मी दोन्हीकडचे नियम एकसारखे केले, आडनावाची सक्ती काढली आणि सर्व्हरचा होकार आल्याशिवाय ‘अर्ज मिळाला’ दाखवायचं नाही, असं ठरवलं. दुरुस्तीला अर्धा तासही लागला नाही. त्या मुलीचं वर्ष मात्र त्यात परत आलं नाही.

फ्रंटएंड-बॅकएंड जोडणं म्हणजे फक्त निरोप पोचवणं नव्हे. नकार आला, तर तो ज्याचा आहे त्याला वेळेत कळवणं, हाही त्याच कामाचा भाग आहे.