याकिसोबा आणि आमच्या शेवया

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. आमच्या कन्येनें जपानी भाषेचा अभ्यास आरंभिल्यापासून तिचें लक्ष त्या देशाच्या पाकशास्त्राकडेही वळलें आहे. एका रविवारीं तिनें 'याकिसोबा' करावयास घेतला. पहिल्या खेपेस शेवयांचा गोळा झाला. आमच्या मातोश्री दारांतून पाहत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, उकडल्या कीं लगेच गार पाण्यांतून काढायच्या नि तेलाचा हात लावायचा. तुझ्या जपान्यांना एवढंही ठाऊक नाहीं?" दुसऱ्या खेपेस पदार्थ उत्तम साधला, परंतु मातोश्रींनीं तो चाखला नाहीं. "हें आपलं नव्हे," एवढेंच बोलून त्या उठल्या.

'आपलें' म्हणजे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनांत घोळत आहे. वाचकांपुढें तो इतिहासाच्या अंगानें मांडावा, असें वाटलें.

प्रथम याकिसोबाचेंच कुळ पाहूं. 'याकि' म्हणजे भाजलेलें अथवा परतलेलें. 'सोबा' म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. परंतु गंमत अशी कीं, ह्या पदार्थांत कुट्टू नसतो. त्यांतील शेवया गव्हाच्या, आणि त्याही चिनी पद्धतीच्या. 1859 सालीं योकोहामा बंदर परकीय व्यापारास खुलें झालें, तेथें चिनी वस्ती झाली व तिजबरोबर ह्या शेवया आल्या. 1910 सालीं तोकियोच्या असाकुसा भागांत 'राइराइकेन' हें उपाहारगृह निघालें. त्यांत योकोहामाचे चिनी आचारी होते. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत तांदळाची टंचाई झाली व अमेरिकेंतून गव्हाचें पीठ येऊं लागलें. रस्त्याकडेच्या गाड्यांवर तापलेल्या लोखंडी पत्र्यावर कोबी घालून शेवया परतण्याचा धंदा तेव्हां फोफावला. त्यांवर ओततात तो काळा आंबटगोड रस इंग्रजी वूस्टर सॉसचा वंशज आहे. तो मूळ सॉस 1837 पासून इंग्लंडांत विकला जात असून त्यांत आमची चिंच पडते. सारांश, नांव कुट्टूचें, शेवया चिनी, गहूं अमेरिकेचा व रस इंग्रजी. आणि तरीही पदार्थ निःसंशय जपानी!

आतां आमच्या शेवयांकडे वळूं. सोळाव्या शतकांतील 'भावप्रकाश' ह्या वैद्यकग्रंथांत 'सेविका' सांगितल्या आहेत: सपिटाच्या बारीक वाती करून वाळवाव्या, दुधांत शिजवाव्या व तूपसाखर घालून खाव्या. आमच्या खिरीचें हें वर्णन चारशें वर्षांनंतरही तंतोतंत लागू पडतें. दूर चीनमध्यें लाजिया येथील उत्खननांत चार हजार वर्षांपूर्वींच्या शेवया एका पालथ्या वाडग्याखालीं सांपडल्याचें 2005 सालीं प्रसिद्ध झालें. पिठाची दोरी ओढून ती वाळवावी ही युक्ति कोणा एका देशाची मिरास दिसत नाहीं.

महाराष्ट्रांत ह्या युक्तीस जो विस्तार मिळाला, तो मात्र खास आमचा. शेवया, गव्हले, मालत्या, बोटवे, नखुले ह्या सर्वांस मिळून आमच्या स्त्रिया 'वळवट' म्हणतात. लग्नाच्या रुखवतांत वळवट मांडलें नाहीं तर वधूपक्षास कमीपणा वाटे. कृष्णाकांठच्या खपली गव्हाचा रवा घ्यावा, तो तिंबून तिंबून लोण्यासारखा करावा, पाटावर हातानें वळून तार काढावी व ती काठीवर वाळत घालावी, ह्या कामीं आळींतल्या चारपांच जणी एकत्र जमत. यंत्रावरची शेवई ह्या तारेची सर पावत नाहीं. आणखी एक साम्य पाहा. जपानी शेवयांस चिवटपणा व पिवळसर झांक येते ती क्षारयुक्त पाण्यानें. आमची गृहिणी पापडाच्या पिठांत पापडखार घालते, तोही क्षारच.

परक्या पदार्थाचें भय मात्र पुण्यास नवें नाहीं. 1890 सालीं येथील पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानास जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेविलीं गेलीं. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक दोघेही होते. नांवें छापून येतांच ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व प्रायश्चित्तावरून शहर दुभंगलें. आज त्याच शहरांत चहाचा पेला पुढें केल्याशिवाय पाहुण्याचें स्वागत पुरें होत नाहीं. ज्या बटाट्याची भाजी व ज्या साबुदाण्याची खिचडी उपवासास चालते, ते दोन्ही पदार्थ साता समुद्रांपलीकडचे आहेत. मिरचीचें तर बोलावयासच नको.

जपानाशीं पुण्याचें नातेंही स्वयंपाकघराच्या वाटेनें जडलें आहे. तोकियोचें महिला विद्यापीठ 1901 सालीं निघालें तेव्हांपासून गृहशास्त्र हा त्याचा एक मुख्य विभाग होता. त्या संस्थेची माहितीपुस्तिका महर्षि कर्वे यांच्या हातीं पडली. 1915 च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेंत अध्यक्षपदावरून त्यांनीं तशा विद्यापीठाची कल्पना मांडली व 1916 सालीं पुण्यांत ती प्रत्यक्षांत आणली. तेथेंही मातृभाषेंतून शिक्षणाबरोबर गृहजीवनाच्या शास्त्रास स्थान मिळालें. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर उभें आहे, हें बहुतेक पुणेकर जाणतात. कर्व्यांनीं घेतलेलें हें जुनें बीज फारच थोड्यांस आठवतें.

मग मातोश्रींचें म्हणणें चुकीचें काय? आम्हीही प्रथम तसेंच समजलों, व कांदामिरची घालून त्या स्वतः शेवयांचा उपमा करतात ह्याची आठवण त्यांस दिली. त्या हंसल्या, पण म्हणाल्या, "खायला माझी ना नाहीं रे. तिला परदेशची शेवई परतायला येते, घरची वळायला येत नाहीं. माझ्या मागं ती कोण वळणार?"

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पदार्थ देशोदेशीं फिरतो, नांव बदलतो व कोठेंतरी घरचा होतो, हें इतिहास आम्हांस शिकवितो. परंतु येणाऱ्या पदार्थाची चर्चा करतांना जाणाऱ्या कलेकडे आमचें लक्ष नसतें. खिरीची कृति 'भावप्रकाशां'त राहिली. तिंबलेल्या कणकेची तार कोणत्या क्षणीं तुटत नाहीं, हें बोटांस कळतें, व तें ज्ञान बोटांतून बोटांतच जातें. आमच्या मातोश्रींचें वय ब्यायशी आहे. त्यांस सून आहे, नात आहे. पण ती विद्या मागावयास आजवर कोणी गेलें नाहीं, आणि त्या न मागणाऱ्यांत आम्ही पुरुष पहिले.

दुसऱ्या दिवशीं कन्येनें माळ्यावरचा शेवयांचा पाट खालीं काढविला. खपली गव्हाचा रवा आणावयास आम्हांस धाडण्यांत आलें. पहिल्या दिवशींच्या शेवया बोटाएवढ्या जाड झाल्या व निम्म्या तुटल्या. मातोश्री म्हणाल्या, "होईल. मलाही पहिल्या वर्षीं असंच झालं होतं." त्याच जाड शेवया वाळवून कन्येनें पुढें कोबी घालून तव्यावर परतल्या. ह्या वेळीं मातोश्रींनीं त्या खाल्ल्या, आणि चिंच थोडी कमी पडली असें सांगितलें.