तेरावा बलुतेदार

इतिहास राजांचे लिहितात, किल्ल्यांचे लिहितात. कुत्र्यांचा कोणी लिहीत नाही. इतिहासकाराला तुकडा टाकायची कुत्र्याची ऐपत नसते, दुसरं काय! तेव्हा हे काम माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाने फुकटात केलं तर कुणाची हरकत नसावी.

माझं गाव शिरूर अनंतपाळ. महाराष्ट्रात शिरूर नावाचे तालुके तीन. एक पुणे जिल्ह्यातलं, दुसरं बीडचं शिरूर कासार, तिसरं लातूर जिल्ह्यातलं आमचं. नुसतं ‘शिरूर’ लिहिलेलं पत्र आधी घोडनदीचं पाणी पिऊन येई. आमच्या कुत्र्यांचा मात्र पत्ता कधी चुकला नाही. वरच्या गल्लीतलं कुत्रं खालच्या गल्लीत गेलंच, तर तिथली चारजणं त्याला त्याचा पत्ता नीट समजावून सांगत.

जुन्या गावगाड्यात बारा बलुतेदार. सुगीला खळ्यावर त्यांना धान्याचा वाटा मिळे. माझ्या मते तेरावा बलुतेदार कुत्रा. काम : रात्रीची राखण आणि उष्ट्याची विल्हेवाट. वेतन : संध्याकाळची शेवटची भाकरी. सनद नाही, वतन नाही, पण चाकरी पिढीजात. आम्ही पडलो कॉमर्सवाले, त्यामुळे नोंद लगेच दिसते : भाकरी नावे, राखण जमा. खातं कुणाच्या नावावर, एवढंच लिहायचं राहिलं.

आजी ज्वारीच्या भाकरी थापायची तेव्हा मी शेवटचीवर हात टाकला की म्हणायची, “ठिव ती! ती कुत्र्याची हाय. त्याला काय मागता येतंय का तुझ्यावानी?” तिच्या मागे थेट नामदेव उभे. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावणारा हा संत आमच्याच मराठवाड्यातल्या नरसीचा. वरून कुत्रं दत्ताचं, खंडोबाचं. एवढा वशिला असलेल्या प्राण्याला हाड म्हणताना आवाज जरा खालीच लागे.

सरकारला मात्र वशिला कळत नाही. मुंबईत इंग्रजांनी मोकाट कुत्रं मारणाऱ्याला आठ आणे बक्षीस ठेवलं होतं. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. 6 जून 1832 रोजी पारशी मंडळी खवळून रस्त्यावर आली, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. कुत्र्यांसाठी बंद पाळणारं शहर, आणि आम्ही पगारवाढीसाठी संप करायचा तर दहादा विचार करतो!

आता दुसरी बाजू. नवव्या वर्षी मला गल्लीतलंच कुत्रं चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं! आई विचारत होती, “कुत्रं कुणाचं?” अख्खी गल्ली म्हणाली, “आमचं न्हाई.” रात्रभर राखण करताना ते सगळ्यांचं होतं, चावल्यावर कुणाचंच नव्हतं. 2004 नंतर ती पोटातली लस बंद झाली, आता दंडावर थोडक्यात भागतं. पण लक्षणं दिसू लागली की रेबीजवर आजही इलाज नाही, आणि चावा बहुधा लेकरांच्या वाट्याला येतो. त्यामुळे आजीचं पुण्य मी चौदा सुयांनी वजा करूनच मोजतो.

मधल्या काळात बलुतं बुडालं. आमच्या शिवारातली ज्वारी हटली, सोयाबीन आलं. सोयाबीनची भाकरी होत नाही. गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅकनं गिधाडं संपवली. 2006 साली ते औषध जनावरांसाठी बंद झालं, पण तोवर हाडोळ्यावरची मेजवानी कुत्र्यांकडे गेली होती. राखणदार हाडोळ्यावर आणि उकिरड्यावर गेला, आणि तिथं टोळी झाली. पगार थांबवून नोकर बिघडला म्हणणं हे कुठल्याच पेढीला शोभत नाही.

2001 आणि 2023 च्या नियमांनी हिशेब नगरपंचायतीसारख्या संस्थांकडे दिला आहे : कुत्रं पकडा, नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून आणलं तिथंच सोडा. म्हणजे बदली नाही! हे वाचून आमच्या शाखेत दोघांनी उसासे टाकले. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. इतक्या पिढ्यांनी तेराव्या बलुतेदाराला सनद मिळते, तीही कानावर.

सनदेनं चावा थांबेल, पोट भरणार नाही. आमच्या घरी हल्ली पोळ्या माणशी मोजून होतात. संध्याकाळी दारात एक पिवळं कुत्रं येऊन बसतं, काही मागत नाही. काल बायकोला म्हटलं, “उद्यापासून एक जास्त टाक.”

“कुणासाठी?”

“गल्लीची थकबाकी आहे,” मी म्हणालो. “आपला हप्ता आपण भरू.”