ख्रिसमस बेटावरील वटवाघूळ

हिंदी महासागरांत, जावाच्या दक्षिणेस सुमारें ३५० किलोमीटरांवर, ख्रिसमस नांवाचें एक लहानसें बेट आहे. सर जॉन मरे यांनीं तेथील दगडांत फॉस्फेट ओळखलें, आणि १८८८ सालीं ब्रिटिशांनीं तें बेट आपल्या राज्यास जोडून टाकलें. मरे यांच्याच खर्चानें सी. डब्ल्यू. अँड्र्यूज हे शास्त्रज्ञ १८९७-९८ सालीं दहा महिने तेथें राहिले. त्यांच्या १९०० सालच्या ग्रंथांत, जगांत अन्यत्र कोठेंहि नसलेल्या एका वटवाघळाचें वर्णन आहे; त्यास त्यांनीं मरे यांचेंच नांव दिलें. ज्यांच्यामुळें बेटावर खाणी आल्या, त्यांचें नांव तेथील अत्यंत निरुपद्रवी जीवास मिळावें, हा योगायोग चमत्कारिक खरा!

हा जीव वजनानें अवघा चार ग्रॅमांचा. आपल्याकडे तिन्हीसांजेस ओसरीपुढें भिरभिरणाऱ्या चिमुकल्या वटवाघळांचा भाऊबंद. दिवसां वठलेल्या झाडांच्या सालीखालीं निजावें, आणि रात्रीं मनुष्यास ऐकूं न येणाऱ्या आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून किडे टिपावे, असा त्याचा संसार.

अँड्र्यूज १९०८ सालीं पुन्हां बेटावर गेले, तों पूर्वीं त्यांनीं पाहिलेले दोन जातींचे स्थानिक उंदीर निःशेष झालेले! जहाजांतून उतरलेल्या काळ्या उंदरांनीं रोग आणला, असा तर्क तेव्हांच निघाला होता. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांत त्या रोगाचे जंतु २००८ सालीं सांपडले.

वटवाघूळ मात्र त्या अरिष्टांतून वांचलें. १९८४ सालीं तें बेटभर आढळत होतें. पुढें त्याची संख्या झपाट्यानें घटूं लागली. बाहेरून आलेले साप, मांजरें, मुंग्या, उंदीर यांपैकीं खरा अपराधी कोण, हें अखेरपर्यंत ठरलें नाहीं. परंतु तें ठरेपर्यंत थांबण्याचें कारण नव्हतें. कांहीं वटवाघुळें पकडून पिंजऱ्यांत जोपासा, असें शास्त्रज्ञ कळवळून सांगत होते. १९५८ पासून बेटाचे धनी असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या सरकारानें समिति नेमली. (ही विद्या आपणांसहि अपरिचित नाहीं.) अखेर १ जुलै २००९ रोजीं अनुमति मिळाली. ऑगस्टांत मंडळी बेटावर जाळीं व यंत्रें घेऊन रानांत फिरूं लागली. पण यंत्रांत उमटे तो एकाच वटवाघळाचा आवाज. तें कांहीं केल्या जाळ्यांत येईना. २६ ऑगस्टच्या रात्रीं तो आवाज ऐकूं आला, तो शेवटचा. २०१७ सालीं ही जाति नष्ट झाल्याचें जाहीर झालें.

त्याच सुमारास त्याच बेटावरील निळ्या शेपटीच्या सापसुरळ्या व लिस्टर यांच्या नांवाच्या पाली पकडून पिंजऱ्यांत नेल्या होत्या. बेटाच्या रानांत त्यांतील एकहि उरली नाहीं. पिंजऱ्यांत त्यांची प्रजा शेंकड्यांनीं वाढली आहे.