डायनासोरच्या शेणात सापडलं भाताचं कूळ



आज आपण इतिहास ऐकणार आहोत, पण राजेरजवाड्यांचा नाही. गटाच्या बैठकीत पोरांच्या अभ्यासाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. टीव्हीवर दिसतात ते डायनासोर खरंच होते का? आणि होते, तर फक्त परदेशातच होते का? मैत्रिणींनो, ते खरंच होते. आपल्या देशात होते, आपल्या महाराष्ट्रातही होते. त्यांनी मागे ठेवलेल्या एका वस्तूने तर आपल्या भाताच्या कुळाची गोष्ट सांगितली आहे. ती वस्तू म्हणजे त्यांचं शेण.

आधी काळाचा हिशेब मांडू. पृथ्वीचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. समजा, आपल्या गटाचं इतिवृत्त लिहायची वही ४६० पानांची आहे आणि एक पान म्हणजे एक कोटी वर्षं. वही संपायला सुमारे २३ पानं उरली असताना पहिले डायनासोर येतात. साडेसहा पानं उरली असताना ते मोठे डायनासोर संपतात. म्हणजे त्यांनी सोळा पानांहून जास्त राज्य केलं. आणि आपण माणसं? शेवटच्या पानावर ३३ ओळी धरल्या, तर आपली जात फक्त शेवटच्या ओळीत येते. भातशेती तर त्या ओळीच्या शेवटच्या अक्षरात. म्हणून माणूस आणि डायनासोर समोरासमोर आले, हे सिनेमातच घडतं.

पहिले डायनासोर अवाढव्य नव्हते. ते लहानखुरे, मागच्या दोन पायांवर पळणारे होते. सरडा किंवा मगर पाय बाजूला फाकून चालते. डायनासोरचे पाय मात्र आपल्या बैलासारखे सरळ अंगाखाली होते. त्यामुळे वजन पेलता आलं, चाल सुधारली आणि पुढे काहींचं अंगही वाढलं. हा बदल कोणी ठरवून केला नाही. आपण दरवर्षी चांगली कणसं निवडून बियाणं राखतो, तेव्हा काही वर्षांनी पिकाचा गुण बदलतो. निसर्गात निवडणारं कोणी नसतं. ज्याला त्या परिस्थितीत तगता येतं, त्याचीच पिल्लं जास्त जगतात आणि त्याचे गुण पुढे जातात. लाखो पिढ्या असं होत राहिलं की एका जीवापासून वेगळेच जीव तयार होतात. यालाच उत्क्रांती म्हणतात.

आता आपल्या राज्यात येऊ. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात पोचमपल्ली नावाचं गाव आहे. तिथे १९५८ पासून मोठमोठी हाडं मिळू लागली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे काम करत होते. संस्थेत हे काम उभं करण्यासाठी प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी लंडनहून एका बाईंना बोलावलं होतं. त्यांचं नाव पामेला रॉबिन्सन. पोचमपल्लीला किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे तीनशे हाडं निघाली, आणि त्यांच्याबरोबर दगड झालेले झाडांचे बुंधेही. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. म्हणून १९७५ मध्ये या प्राण्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. बंगालीत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय. हा झाडपाला खाणारा प्राणी सुमारे चौदा मीटर लांब होता. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे.

दुसरं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, वरोरा तालुक्यातलं पिसदुरा. इथे डायनासोरच्या शेवटच्या काळातले, म्हणजे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे थर आहेत. इथे हाडं मिळतात, आणि दगड झालेले शेणाचे गोळेही मिळतात. हे शेण टायटॅनोसॉर जातीच्या, लांब मानेच्या झाडपाला खाणाऱ्या डायनासोरचं असावं असं शास्त्रज्ञ मानतात. हाडाला काचेच्या कपाटात जागा मिळते, शेणाकडे कोण बघतं? पण प्राणी काय खात होता, हे हाडापेक्षा शेण जास्त चांगलं सांगतं. गोठ्यातल्या म्हशीचं बिघडलं तर आपणही आधी शेणच बघतो ना?

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्यात त्यांना गवताच्या पानातले वाळूसारखे बारीक कण मिळाले. मैत्रिणींनो, हे कण आपल्या ओळखीचे आहेत. तरवा काढताना, गवत कापताना पात हाताला चिरते, ती या कणांमुळेच. भाताच्या तुसाच्या राखेने भांडी लख्ख निघतात, तीही यांच्यामुळेच. पान कुजून जातं, पण हे कण कोट्यवधी वर्षं टिकतात. शिवाय गवतांच्या वेगवेगळ्या गटांत या कणांचे आकार वेगळे असतात, म्हणून कण बघून गवताचा गट ओळखता येतो.

२००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. तोवर असं मानत होते की डायनासोर होते तेव्हा गवत जवळजवळ नव्हतंच. पिसदुऱ्याच्या शेणात मात्र निदान पाच प्रकारची गवतं निघाली. त्या प्राण्यांचं मुख्य खाणं गवत नव्हतं. ते ताडासारखी आणि इतरही झाडं खात होते. पण गवत तेव्हा होतं, हे पक्कं झालं. २०११ मध्ये आणखी अभ्यास झाला. त्यात वंदना प्रसाद यांच्याबरोबर नागपूरच्या बंदना सामंतही होत्या. मध्य भारतातल्या त्या काळच्या गवतांत काही थेट भाताच्या कुळातली आहेत, असं त्यात दिसलं. आपण लावतो तो भात नव्हे, त्याचे फार जुने भाऊबंद. भात, नाचणी, ज्वारी, मका, ऊस, बांबू ही सगळी गवतंच. आपल्या चंदगडची बरीच शेती या एका कुळावर उभी आहे.

मग आपल्या चंदगडात डायनासोर का सापडत नाहीत? हाड टिकायला गाळ लागतो. आपला सह्याद्री बहुतेक लाव्हारसाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरांवर थर वाहिला. आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आपल्या जात्याचा, पाट्याचा काळा दगड हा त्याचाच. त्याच सुमारास मेक्सिकोत एक प्रचंड उल्का आदळली. तिच्या खड्ड्याची रुंदी सुमारे १८० किलोमीटर. तिने उडालेल्या धुळीने सूर्य झाकला, झाडं मेली, खाणं संपलं आणि मोठे डायनासोर नाहीसे झाले. त्यात लाव्ह्याचा वाटा किती, यावर अजून अभ्यास चालू आहे.

पण एक शाखा वाचली. पिसं असलेल्या लहान, दोन पायांच्या डायनासोरपासून पक्षी झाले. विश्वास बसत नसेल तर परड्यातल्या कोंबडीचा पाय बघा. पुढे तीन बोटं, वर खवले, पोकळ हाडं. गटाच्या कर्जातून आपण कोंबड्या घेतल्या, त्या डायनासोरच्या वंशातल्याच आहेत.

पिसदुऱ्याच्या त्या शेतांतून आजही नांगर फिरतो. असा गोळा बांधावर फेकला जाऊ शकतो, फुटूही शकतो. एकदा फुटला की ती माहिती पुन्हा कुठून आणणार? म्हणून विहीर, शेततळं, रस्ता खणताना हाडासारखा, अंड्यासारखा, किंवा पान-शिंपला उमटलेला दगड दिसला तर फोडू नका, हलवू नका. शेजारी खुरपं ठेवून मोबाईलवर फोटो काढा, म्हणजे दगड केवढा ते कळेल. मग ग्रामपंचायतीला आणि तहसीलदार कार्यालयाला कळवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नागपूरला मोठं कार्यालय आहे, तिथे हे काम जाणणारी माणसं आहेत.

शेण आणि भात, दोन्ही आपल्या रोजच्या हातातली कामं. त्यात इतिहास असतो असं आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. आता पोरांनी डायनासोरचं विचारलं तर त्यांना पिसदुऱ्याचं नाव सांगा, आणि भाताची एक पात हातात द्या.