जुन्या गाडीची क्रोम पट्टी न वाकवता कशी काढायची?

कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. त्यामुळे रंगकामाआधी अशा गाडीची पट्टी काढताना एकच नियम: क्लिप तुटली तरी चालेल, पट्टी वाकता कामा नये. क्लिप बदलता येते. मूळ पट्टी सहज मिळत नाही आणि पातळ पत्र्याला पडलेली घडी पूर्ण जात नाही.

पट्टी का अडते?
मागच्या लोखंडी क्लिपा, नट गंजतात. वरून रंगाचे थर कडा चिकटवून टाकतात.

काय करावं?
• आधी दाराचं आतलं पॅनल काढून पाहा. काही पट्ट्या आतून नटने कसलेल्या असतात. त्या बाहेरून ओढल्या तर वाकतात.
• गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा.
• कडेचा रंग कटरने हलकेच कापा.
• शेजारी मास्किंग टेप लावून प्लास्टिकची पाचर क्लिपजवळ सरकवा आणि प्रत्येक क्लिपपाशी थोडं थोडं उचला. एक टोक धरून ओढू नका.
• तरीही सुटेना? पातळ ब्लेडने क्लिपच कापा.

काढलेल्या पट्टीमागे ‘डावी-पुढची’ अशी खूण करा आणि ती सपाट फळीवर बांधून ठेवा.